बाहेरच्या खुर्चीवर किल्लीवाला

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ हे हाताच्या सवयीनं लिहिलं गेलंय, त्यावरून हुरळून जाऊ नकोस. सध्या तू मला अजिबात प्रिय नाहीस. तुझा फोन वाजतो, मी बघते आणि वाजू देते. काल तू ड्रायव्हिंग स्कूलच्या फोनवर केलास आणि आमच्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या भूगोलाच्या बाईंनी तो उचलला, तेव्हा मी समोरच बसले होते. मीच खूण केली की नाही म्हणून सांगा. बिचाऱ्या जन्मात कधी खोटं बोललेल्या नाहीत. ‘त्या इथे नाहीत, असं त्या म्हणतायत,’ असं तुला सांगून मोकळ्या झाल्या. तेवढ्यावरून तुला कळलंच असेल की काहीतरी बिनसलंय.

काय बिनसलंय ते ऐक. गेल्या वर्षी तू चष्म्याच्या फ्रेमांच्या प्रदर्शनाला गेला नव्हतास. तू हॉस्पिटलात होतास, तुझ्या हृदयाची बायपास झाली, आणि सख्ख्या बहिणीला त्याचा पत्ताही नव्हता. हे मी तुला फोनवरच सुनावलं असतं, पण फोनवर तू मला धड भांडू देत नाहीस. माझी दोन वाक्यं झाली की एक विनोद करतोस, मी हसते आणि माझा सगळा राग पातळ होतो. या खेपेला मला तो पातळ होऊ द्यायचा नाही. म्हणून कागदावर लिहितेय. मुकाट्यानं शेवटपर्यंत वाच. तुझ्याशी पुन्हा बोलायचं की नाही, ते मी हे पत्र संपेपर्यंत ठरवणार आहे.

मला हे कळलं त्या दिवशी मी तुझ्या चष्म्याच्या दुकानात आले होते. कशाला आले होते ते तूर्त राहू दे. दुकानाला कुलूप होतं आणि दारावर ‘पाच मिनिटांत येतो’ ही तुझी पाटी होती. ती तू चहाला गेलास तरी लावतोस आणि परगावी गेलास तरी लावतोस. शेजारच्या टपरीत किल्लीवाला कानस घेऊन बसला होता. रस्त्यावरून दुकानापर्यंतचा चढ चढून मला जरा दम लागला होता. त्यानं ते बघितलं, स्टूल पुसून पुढे केलं, पाणी दिलं. भला माणूस आहे, त्याच्यावर माझा राग नाही. मी म्हटलं, वय झालं आता, चढ सोसत नाही. त्यावर तो म्हणाला, ‘तुमच्या भावाकडे बघा की ताई, कसा टुणटुणीत झालाय. त्या दिवशी बाहेर बसलो होतो तेव्हा माझेच हातपाय गार पडले होते.’ मी विचारलं, कुठे बाहेर? तर म्हणाला, ‘ऑपरेशनच्या बाहेर. तुम्हाला यायला जमलं नाही ना, म्हणून मी बसलो.’

तुम्हाला यायला जमलं नाही! धाकट्या, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला जमलं नाही, असं तू त्याला सांगितलंस? मी कुठे गेले होते रे, चंद्रावर? तू म्हणे त्याला सांगितलं होतंस की ताईकडच्या लोकांच्या लायसन्सच्या परीक्षा आहेत, तिला हलता येत नाही. म्हणजे मला अंधारात ठेवलंस ते ठेवलंस, वर माझी अब्रूही घालवलीस. वर्षभर तो माणूस मला येता-जाता नमस्कार करत होता आणि मनातल्या मनात म्हणत असेल, काय बाई आहे, भावाच्या काळजाला सुरी लागली तरी ही आपली क्लच-ब्रेक शिकवत बसली. मी तिथे, त्या स्टुलावर, काय बोलू शकणार होते? म्हटलं, हो ना, फार गडबड होती तेव्हा. तुझं खोटं मी माझ्या तोंडानं पुरं केलं. चहा न घेताच उठले.

आणि हे लपलं तरी कसं, म्हणून मी घरी येऊन डोकं धरून बसले. बाबांची बायपास आपल्या दोघांच्या डोळ्यांदेखत झाली होती. गळ्याखालपासून पोटाच्या वरपर्यंत छाती उघडलेली, मधलं हाड तारेनं जोडलेलं. खोकला आला की बाबा चादरीची घडी छातीशी घट्ट धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. कुशीवर वळायचं नाही, दार ओढायचं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही. गल्लीतल्या मांजरालाही कळलं होतं की या घरात हृदयाचं ऑपरेशन झालंय. माझ्या डोक्यात बायपास म्हणजे ते चित्र. तुझं मात्र, किल्लीवाला म्हणाला तसं, रोबोनं, बरगड्यांच्या मधून, डाव्या बाजूला चार छिद्रं आणि एक छोटीशी चीर. शर्टाची बटणं लावली की झालं. थोड्या दिवसांत चालायला लागलास, आणि मला येऊन सांगितलंस की प्रदर्शनात जेवणाचे हाल झाले म्हणून वाळलोय. मी तुला रोज दोन वेळा जेवायला बोलावलं, आठवतंय ना? ‘तेल जरा कमी घाल ताई,’ म्हणालास, आणि मी मनात म्हटलं, प्रदर्शनाला जाऊन साहेब नखरेल झाले.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? मी तुला कपाट हलवायला बोलावलं होतं, तेव्हा तू भिंतीला टेकून उभा राहिलास आणि पाठ धरलीय म्हणालास. मी हमालांच्या देखत तुला कामचुकार म्हटलं. म्हटलं, लहानपणापासूनचा हा असाच आहे, काम निघालं की याची पाठ धरते. तू हसलास. अरे, सांगायचंस ना! तू नुसता हसत उभा राहिलास आणि मला कैकेयी करून टाकलंस.

आणि ती उशी. तुझ्या दुकानातल्या खुर्चीवरची तपकिरी चौकटीची. माझ्या शेजारी गाडीत बसलास की सीटबेल्टच्या पट्ट्याखाली ती छातीशी धरायचास. पट्टा टोचतो म्हणायचास. मी लोकांना गाडी शिकवण्यात जन्म घालवला. पट्ट्याखाली कुणी काही कोंबलं की माझा संताप होतो. तुला मी चांगलं अर्धा रस्ता भाषण दिलं आणि चौकात सिग्नलला थांबल्यावर ती उशी ओढून मागच्या सीटवर फेकून दिली. तू घरापर्यंत तो पट्टा हातानं छातीपासून लांब धरून बसलास, आणि उतरताना मागची उशी गुपचूप काखेत घालून गेलास. मी आरशातून बघत होते. मला वाटलं, हट्टी आहे मेला. आता तो प्रसंग आठवला की मला जेवण जात नाही. माझ्या हातून तू हे करवून घेतलंस, आणि त्याचा जाब मी तुलाच विचारणार.

मग मी त्या हॉस्पिटलात गेले. किल्लीवाल्याकडून नाव काढून घेतलं आणि गेले. बाहेरच्या खुर्च्या आधी बघितल्या. लोखंडी, एका दांड्यावर चार जोडलेल्या. एकानं पाय हलवला की बाकीचे तिघं डुलतात. समोर घड्याळ नाही, टीव्ही आहे, आवाज बंद केलेला. किल्लीवाला तिथे सबंध वेळ बसला होता. तुझ्या दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा हातात घट्ट धरून बसला होता, असं तोच सांगत होता. मी त्या खुर्चीवर थोडा वेळ बसून बघितलं आणि माझा आणखीच संताप झाला, कारण ती जागा माझी होती.

तुझी सर्जन डॉक्टरीणबाई चणीनं एवढीशी आहे, पायांत कॅनव्हासचे बूट. तुझ्याबद्दल विचारलं तर सरळ म्हणाली की एका पेशंटबद्दल मी दुसऱ्याशी बोलत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. राग आला, पण खरं सांगते, बरंही वाटलं. निदान एक तरी माणूस तोंडावर नाही म्हणणारं भेटलं. मग मी म्हटलं, माणसाचं राहू दे, ऑपरेशनचं सांगा. ते मात्र तिनं घाई न करता, कागदावर चित्र काढून सांगितलं. मला वाटलं होतं, रोबो म्हणजे पत्र्याचा माणूस येणार आणि सुऱ्या चालवणार. तसं काही नाही. पेशंटच्या वर यंत्राचे हात असतात, त्यांना पेनासारखी बारीक हत्यारं लावलेली, ती बरगड्यांच्या फटींतून आत जातात. बाई त्याच खोलीत थोड्या अंतरावर एका पेटीसमोर बसते, डोळे भिंगाला लावून. तिला आतलं सगळं मोठं करून, काय किती खोल आहे त्याच्या अंदाजासकट दिसतं. तिची बोटं जशी हलतील तशी आतली हत्यारं हलतात, फक्त फार बारीक, आणि तिच्या हाताचा कंपसुद्धा आत पोचत नाही. एक फुप्फुस तेवढ्यापुरतं निजवून ठेवतात. छातीच्या आतल्या बाजूची एक रक्तवाहिनी अलगद सोडवून घेतात आणि हृदयाची जी नळी तुंबलीय तिच्या पुढे नेऊन जोडतात. हृदय चालूच असतं. मधल्या हाडाला कुणी हात लावत नाही.

मी म्हटलं, म्हणजे पेशंट तिकडे आणि तुम्ही इकडे पेटीत तोंड खुपसून? मग दुसरा ब्रेक कुणाच्या पायाखाली? तिला कळेना. मी समजावलं की माझ्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, शिकणाऱ्यानं काहीही गोंधळ घातला तरी माझा पाय त्यावर तयार असतो. मग ती म्हणाली की पेशंटच्या अगदी शेजारी तिचा सहकारी सर्जन हात धुऊन उभा असतो, भूलवाले डॉक्टर असतात, आणि काही बिनसलं तर यंत्र बाजूला सारून छाती उघडायची सगळी तयारी तिथेच मांडलेली असते. ‘पण तुमच्या उदाहरणात एक चूक आहे,’ म्हणाली. ‘यंत्र म्हणजे शिकाऊ ड्रायव्हर नाही. यंत्र ही गाडी. चालवणारी मीच. मी थांबले की ते थांबतं.’ हे मला पटलं. वर तिनं हेही सांगितलं की हे सगळ्यांना चालत नाही, कधी नळ्या जास्त तुंबलेल्या असतात, कधी आधीचे फोटो चांगले दिसतात आणि आत गेल्यावर बेत बदलावा लागतो, मग बाबांसारखीच छाती उघडायची. काही साखरेत घोळून सांगितलं नाही. जाताना कबूल केलं की तिला अजून गाडी मागे घेता येत नाही. माणसाच्या काळजात सुतासारखी शिवण घालते आणि गाडी मागे घेता येत नाही! म्हटलं, या माझ्याकडे, शिकवते.

तेव्हा माझं भांडण त्या यंत्राशी नाही. यंत्रानं आपलं काम चोख केलं. भांडण तुझ्याशी आहे. छिद्रं लहान पडली म्हणून आजार लहान होत नाही, शहाण्या. डॉक्टरांनी तुझा त्रास कमी करायला जी सोय काढली, ती तू आपल्या माणसांच्या डोळ्यांत धूळ फेकायला वापरलीस. बाबांच्या वेळी लपवायची सोयच नव्हती, म्हणून सगळे आले, सगळे बसले, सगळ्यांनी मिळून निभावलं. तुझं दुखणं शर्टाच्या आत मावलं, म्हणून तू एकटाच ते घेऊन बसलास.

आता तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. ताई, तू बाबांचं सगळं केलंस, त्यात तुझी गाडी वर्षभर उभी राहिली, ठरत आलेलं लग्न राहिलं, आता पुन्हा माझ्यामागे तुला कशाला जुंपू? हेच ना? तर ऐक. बाबांचं मी केलं ते मला करायचं होतं म्हणून केलं. त्या लग्नाचं म्हणशील, तर तो माणूस जेवताना मचमच आवाज करायचा, ते मोडलं याचा मला एक दिवससुद्धा पश्चात्ताप झाला नाही. तुला हे कुणी सांगितलं की मी थकलेय? मला विचारलंस? माझ्या वतीनं तू परस्पर ठरवून टाकलंस की ताईला झेपणार नाही. लोक बायकांच्या वतीनं ठरवतात तेव्हा तू दुकानात गिऱ्हाइकांना व्याख्यानं देतोस, आणि घरात हेच केलंस. मला तुझी दया नको होती. मला त्या डुलत्या खुर्चीवरची माझी जागा हवी होती.

आणि तुझ्या लपवण्यानं काय झालं, ते आता सांगते. नीट बसून वाच. गेल्या हिवाळ्यापासून मला चढावर, घाईत, छातीत आवळल्यासारखं व्हायचं. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, घरात कुणाला हृदयाचं? म्हटलं, वडिलांना, पण त्यांचं वय झालं होतं. भावंडांत कुणाला? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, एकच भाऊ आहे, माझ्याहून धाकटा, त्याच्या नखातही रोग नाही. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्या मी महिनोन्‌महिने इमानेइतबारे गिळत राहिले. मग एक दिवस भूगोलाच्या बाई गाडी चालवत होत्या, पूर्वेला वळा म्हटलं की पश्चिमेला वळणाऱ्या, आणि माझ्या छातीत अशी कळ आली की समोर ट्रक दिसत असून माझा पाय माझ्या ब्रेकपर्यंत गेला नाही. पहिल्यांदाच गेला नाही. बाईंनी स्वतःच गाडी थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि एकदाही गाडी बंद न पाडता मला थेट इस्पितळाच्या दारात नेलं. हृदयाची पुढची मोठी नळी तुंबलीय. तुझी होती म्हणे तीच. आता डॉक्टर म्हणतात, भावाला या वयात झालंय हे तेव्हाच कळलं असतं तर गोळ्यांवर थांबलो नसतो, त्याच आठवड्यात तपासण्या केल्या असत्या. ऐकलंस? तू मला त्रास द्यायचा नाही म्हणून गप्प बसलास, आणि मी तुझ्या तब्येतीची बढाई मारत बसले.

हेच सांगायला मी त्या दिवशी तुझ्या दुकानात आले होते. घाबरले होते रे. तुला सांगीन, तू काहीतरी विनोद करशील, मग बरं वाटेल, म्हणून तो चढ चढून आले. आणि वर तुझी ती पाटी आणि किल्लीवाला. तर आता ठरलंय ते असं. गुरुवारी सकाळी तीच डॉक्टरीणबाई, तीच पेटी, तेच यंत्र. चित्र काढून तिनं जे समजावलं, ते तुझं नव्हतं, माझं होतं. जमलं तर छिद्रांतून, नाही जमलं तर बाबांसारखं. दोन्हीला मी हो म्हटलंय. किल्लीवाला बाहेर बसायला तयार आहे, हे पत्रही तोच तुझ्या हातात देईल. पण मी त्याला सांगितलंय की या खेपेला माझ्या भावाला यायला जमणार आहे. त्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक नसतो, ठाऊक आहे मला. तरी तू बसायचं आहेस, सबंध वेळ, आणि पाटी लावून चहाला सटकायचं नाही. तुझ्याशी बोलायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. शुद्धीवर आल्यावर ठरवीन, तेव्हा समोर असलास तर बरं. आणि येताना मी मागे फेकलेली ती तपकिरी उशी घेऊन ये. घरी परतताना पट्ट्याखाली मला लागेल.

तुझीच,
अजून जराही निवळलेली नसलेली,
ताई